आमच्या रानातलं सोयाबीन, त्यांच्या ताटातलं सोयाबीन

आमच्याकडं सोयाबीन घरात येतं, पण स्वयंपाकघरात येत नाही. दसऱ्याच्या आगेमागे मळणी होते, पोत्यांची थप्पी ओसरीवर लागते आणि दिवाळीच्या खर्चाची निकड निघाली की ती थप्पी गाडीवर चढून बाजारात जाते. सोयाबीनची आमटी, सोयाबीनची उसळ आमच्या वांकिडीत कुणी फारशी करत नाही. कापसासारखंच तेही विकायचं पीक.

माझं माहेर बीदर जिल्ह्यातलं, भालकी तालुक्यातलं. सासर वांकिडीचं. १९५६ पर्यंत दोन्ही गावं एकाच हैदराबाद राज्यात होती. मग माहेर कर्नाटकात गेलं, सासर आंध्रात गेलं आणि २०१४ पासून तेलंगणात आलं. जिल्हा पूर्वी आदिलाबाद होता, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद झाला. मंचेरियालहून चंद्रपूरला जाणारा महामार्ग गावातूनच जातो, त्यामुळं महाराष्ट्र आम्हाला अगदी हाकेवर. अशा घरात एकेका पदार्थाला तीन-तीन नावं असतात. अंबाडीची भाजी आईच्या तोंडी ‘पुंडी पल्या’, शेजारणीच्या तोंडी ‘गोंगुरा’ आणि सासूबाईंच्या तोंडी अंबाडीच.

सोयाबीनचंही तसंच. कन्नडात त्याला ‘सोया अवरे’ म्हणतात आणि तेलुगूत ‘सोया चिक्कुडु’. म्हणजे दोघांनीही त्याला आपल्या घेवड्या-वालाच्या कुळात बसवून टाकलं. आपण मराठी माणसांनी मात्र त्याचं परकं नाव तसंच ठेवलं. पाहुणा म्हणून आला, पाहुणाच राहिला!

या पाहुण्याची खरी ओळख मला परदेशात झाली. आमचा मुलगा नोकरीनिमित्त तोक्योत असतो. जानेवारी २०२४ च्या अखेरीस आम्ही दोघं दोन महिन्यांसाठी त्याच्याकडं गेलो. पुढं नोव्हेंबरात एका यात्रा कंपनीबरोबर थायलंड आणि जावा पाहून आलो. मी खाण्याची शौकीन, पण माळकरी घरातली. मासळी-मटण नाही, अंडंही नाही. ‘तू जपानात खाणार काय?’ असं सगळ्यांनी विचारलं. त्याचं उत्तर आमच्याच रानात होतं.

दाणे फेकायचा सण

मुलगा एदोगावा भागात राहतो. निशीकसाई स्टेशनच्या आसपास इतकी भारतीय कुटुंबं आहेत की भाजी घेताना मराठी कानावर पडतं. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ मध्ये याच एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर निवडून आले होते.

आम्ही पोचलो आणि चार दिवसांत ३ फेब्रुवारी आली. त्या दिवशी तिथं ‘सेत्सुबुन’ असतो, हिवाळा संपून वसंत लागायच्या आदल्या दिवसाचा सण. शेजारच्या जपानी आजीबाईंनी भाजलेल्या सोयाबीनची पुडी आणि राक्षसाचा कागदी मुखवटा आणून दिला. घरातल्या एकानं मुखवटा घालायचा, बाकीच्यांनी त्याच्यावर दाणे फेकायचे. भुतंखेतं बाहेर जावोत, भाग्य घरात येवो, असं ओरडायचं. मला एकदम बलिप्रतिपदा आठवली. आपण ‘इडा पिडा टळो’ म्हणतो, ते निराळं काय असतं? नंतर प्रत्येकानं आपल्या वयाइतके दाणे खायचे. माझ्या वाट्याला एकसष्ट आले. आमचे हे माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, त्यांनी सगळे मोजून खाल्ले आणि म्हणाले, “घरी क्विंटलांनी पिकवलं, पण दाणा तोंडात आज टाकला.”

सकाळच्या न्याहारीला भात, मिसोचं सूप आणि टोफू. भाताबरोबर सोया सॉस. हॉटेलात बसलं की मीठ घालून उकडलेल्या हिरव्या शेंगा, त्यांना ‘एदामामे’ म्हणतात. माघात आपण तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडतो आणि दातांनी सोलून खातो, अगदी तसंच. गोडाला तांदळाच्या मऊ गोळ्यावर पिवळं पीठ भुरभुरलेलं. चाखलं तर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ! त्याला ‘किनाको’ म्हणतात. वास थेट मेतकुटाच्या वाटेचा. एकाच कडधान्याची सकाळपासून रात्रीपर्यंत सहा-सात रूपं, आणि एकाची चव दुसऱ्याला नाही.

तारेचा नात्तो आणि आलुबुखाराच्या बहराची बाग

फेब्रुवारीच्या अखेरीस मुलानं आम्हाला मितोला नेलं. उएनो स्टेशनवरून जलद गाडीनं सव्वा तास. तिथं कैराकुएन नावाची बाग आहे. तोकुगावा नारिआकी या सरदारानं ती १८४२ मध्ये लोकांसाठी खुली केली. ‘उमे’ची, म्हणजे आलुबुखाराच्या जातीची सुमारे तीन हजार झाडं आहेत. पान एक नाही आणि फांद्या पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लगडलेल्या. गंमत अशी, की ही झाडं नुसती शोभेची नव्हेत. फळं खारवून ठेवली की अडीअडचणीला, दुष्काळाला कामी येतात, हाही हिशेब त्यामागं होता. शोभा आणि लोणचं एकाच झाडावर! मला तो सरदार फार आवडला.

मितोची दुसरी प्रसिद्धी म्हणजे नात्तो. सोयाबीन उकडायचं, भाताच्या पेंढ्यात बांधायचं आणि उबदार जागी साधारण एक दिवस ठेवायचं. पेंढ्यातले जिवाणू आपलं काम करतात. आता कारखान्यात ते जिवाणू वेगळे घालतात, पण मितोत पेंढ्यातल्या जुड्या अजून विकत मिळतात. काडीनं घोटलं की भेंडीसारखी तार सुटते, हातभर लांब. वास उग्र. ह्यांनी ताट हळूच मुलाकडं सरकवलं. मी गरम भातावर घेऊन खाल्लं. पहिला घास गिळताना डोळे मिटावे लागले, तिसऱ्या घासाला चव कळली. आंबिलीवर वाढलेल्या माणसाला आंबवलेल्या अन्नाचं भय नको. ‘आंबील’ म्हणा, ‘अंबली’ म्हणा, आपल्या तिन्ही भाषांत ती आहेच.

दगडाखालचा मिसो

मार्चमध्ये क्योतोला जाताना वाटेत नागोयाजवळच्या ओकाझाकीला उतरलो. जपानवर अडीचशेहून अधिक वर्षं राज्य केलेल्या तोकुगावा घराण्याचा मूळ पुरुष इएयासू इथल्या किल्ल्यात जन्मला. किल्ला पाहून पश्चिमेला चालत गेलं की जुन्या हमरस्त्यावर मिसो करणाऱ्या दोन जुन्या पेढ्या समोरासमोर आहेत. त्यातली काकुक्यू १६४५ पासूनची. किल्ल्यापासून आठ ‘चो’ अंतरावर, म्हणून या मिसोचं नाव ‘हात्चो मिसो’. चो हे त्यांचं जुनं माप. आठ चो म्हणजे आपला एक किलोमीटरही भरत नाही.

आत गेल्यावर अंधाऱ्या कोठारात माणसाहून उंच लाकडी पिंपं. एकेका पिंपात सुमारे सहा टन मिसो आणि त्यावर नदीतल्या गोट्यांची रास, सुमारे तीन टनांची. गोटे असे रचलेले की भूकंपातही ढासळू नयेत. सोयाबीन, मीठ, पाणी आणि मुरवणारी बुरशी, बस्स. दोन उन्हाळे, दोन हिवाळे तसंच ठेवायचं. आपल्या बरणीतल्या लोणच्यावर आपण दगड ठेवतो, त्याचा हा थोरला अवतार.

आमचे हे कुठंही गेले की भाव विचारतात. इथंही विचारलाच. मुलानं दुभाष्याचं काम केलं. त्यातून एक गोष्ट कळली, तिनं आम्ही दोघंही गप्प झालो. जपानात लागणाऱ्या सोयाबीनपैकी शंभरातले सहा-सात दाणेच त्या देशात पिकतात. बाकीचं सगळं अमेरिका, ब्राझील, कॅनडाहून येतं. ज्यांच्या रानात ते पुरेसं पिकत नाही त्यांनी त्याचे शंभर पदार्थ केले, आणि आमच्या ओसरीवर थप्पी लागते ते आम्ही एकही नाही!

मठातला टोफू

क्योतोत नान्झेंजी हा १२९१ मध्ये स्थापन झालेला मोठा झेन मठ. त्याच्या आवारातूनच विटांचा जलसेतू जातो, १८८८ चा. बिवा सरोवराचं पाणी शहराला नेणारा. ह्यांनी मठापेक्षा त्या पाटाकडंच जास्त वेळ पाहिलं.

मठाच्या आसपास ‘युदोफू’ची जुनी भोजनगृहं आहेत. मातीच्या भांड्यात समुद्री शेवाळाच्या पाण्यात टोफूचे पांढरे चौकोन हलके गरम होत असतात. काढायचे, सॉसमध्ये बुडवायचे, खायचे. पहिल्यांदा वाटतं, याला चव ती काय? दुसऱ्यांदा वाटतं, ताज्या खरवसासारखं काहीतरी आहे. शेजारच्या वाटीत ‘युबा’ होती. सोयाबीनचं दूध तापवलं की वर जी साय धरते ती उचलून केलेली. या मठांतल्या जेवणात मांस-मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या सासूबाई इथं निर्धास्त जेवल्या असत्या.

शाकाहारी वाचकांना एक सूचना. मठाबाहेर नुसतं ‘टोफू’ पाहून भुलू नका. जपानी रश्शात बहुतेक वेळा ‘कात्सुओ’ या सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. मिसोच्या सुपातही असतो. ‘कोंबु’ म्हणजे शेवाळाचा रस्सा आहे का, असं आधी विचारावं.

क्योतोहून कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध तीर्थाला गेलो. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. एवढ्या दूर, थंडीत, देवदारासारख्या उंच झाडांच्या डोंगरावर ती ओळखीची मूर्ती पाहून आम्ही दोघंही हात जोडून उभे राहिलो. याच डोंगराच्या नावानं ‘कोया-दोफू’ ओळखला जातो. टोफू गोठवून वाळवलेला, पाण्यात टाकला की फुगतो, दाबला की पाणी सुटतं. मी ह्यांना म्हटलं, “हा आपल्या मीलमेकरचा पणजोबा.”

मीलमेकर म्हणजे सोयाबीनच्या वड्या. तेलंगणात सोया वडीला हेच नाव आहे, बीदरकडंही चालतं. लग्नाच्या पंगतीत मीलमेकरचा रस्सा असतो. म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीच्या रूपानं सोयाबीन आमच्या ताटात येतं खरं, पण त्याचा आणि रानातल्या दाण्याचा संबंध कुणाच्या ध्यानात नसतो.

पापडासारखी चकती आणि ‘रागी’चा घोळ

थायलंडला निघालो तेव्हा वाटलं, सोयाबीनचा विषय जपानात संपला. चिआंग माईत डोई सुथेपच्या डोंगरावरचं सोन्याच्या स्तूपाचं मंदिर पाहून खाली बाजारात आलो, तर एका म्हातारीच्या पाटीत तपकिरी पातळ चकत्यांची चळत. पापडच वाटले. विचारलं तर ‘थुआ नाव’. थुआ म्हणजे शेंगदाणा-कडधान्य, नाव म्हणजे सडलेलं! सोयाबीन उकडून, आंबवून, वाटून, चकत्या थापून उन्हात वाळवायच्या. निखाऱ्यावर भाजायच्या आणि मिरचीबरोबर कुटायच्या. आपली कोरडी चटणीच.

असाच आंबवलेला सोयाबीन आपल्या देशातही आहे, हे गाईडकडून ऐकावं लागलं. सिक्कीममध्ये ‘किनेमा’, मेघालयात ‘तुंगरिंबाई’, नागालँडमध्ये ‘अखुनी’. सासुके नाकाओ या जपानी संशोधकानं जपान, पूर्व हिमालय आणि जावा असा त्रिकोण काढून दाखवला होता. या त्रिकोणात जागोजाग सोयाबीन आंबवून खातात. आपण या त्रिकोणाच्या जरा बाहेर पडलो. कुमाऊँत मात्र काळं सोयाबीन ‘भट्ट’ या नावानं जुन्या काळापासून खातात, त्याची ‘चुडकाणी’ भाताबरोबर घेतात. तेव्हा हे पीक सगळं परकं आहे, असंही नाही.

त्रिकोणाचं तिसरं टोक जावा. योग्यकर्ताजवळ प्रंबानन इथं नवव्या शतकातली ब्रह्मा-विष्णू-महेशाची उत्तुंग मंदिरं आहेत. भिंतींवर रामायणाचे प्रसंग कोरलेले. हनुमान ओळखायला गाईड लागत नाही. बाहेर आलो तर एका गाड्यावर भजी तळत होते. ‘मेंदोआन’, म्हणजे टेंपेचे पातळ काप पिठात बुडवून अर्धवट कुरकुरीत तळलेले. बरोबर हिरवी मिरची. इतक्या दिवसांनी भजी खाऊन सगळी यात्रा कंपनी खूश झाली.

टेंपे करताना दुसऱ्या दिवशी एका घराच्या अंगणात पाहिलं. सोयाबीन उकडून सालं काढतात, विरजण लावतात आणि केळीच्या पानात पुड्या बांधतात. दीड-दोन दिवसांत पांढऱ्या बुरशीनं सगळे दाणे एकमेकांना घट्ट धरतात आणि वडीसारखी वडी पडते. विरजणाला त्यांच्या भाषेत ‘रागी’ म्हणतात. माझे कन्नड कान टवकारले. मी आपली नाचणीचं पीठ कुठं दिसतंय ते शोधतेय! घरातली मुलगी बुरशीची पुडी दाखवत म्हणते, “रागी, रागी.” भाषेचा घोळ कळल्यावर दोघी खूप हसलो.

इथंही ह्यांनी दाणा कुठला ते विचारलं. उत्तर तेच, अमेरिकेचा. इंडोनेशियाही बहुतेक सोयाबीन बाहेरून आणतो. जानेवारी २००८ मध्ये जगात सोयाबीनचा भाव भडकला तेव्हा टेंपे आणि टोफू करणारे हजारो लोक जकार्तात रस्त्यावर उतरले होते. सोयाबीन महागलं म्हणून मोर्चा! आपल्याकडं मोर्चे निघतात ते स्वस्त झालं म्हणून.

आपल्या चुलीपर्यंत

त्याच २०२४ च्या हंगामात आम्ही सोयाबीन विकून जावाला गेलो होतो. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजारात त्याहून खूप कमी मिळाला. ओलावा जास्त आहे म्हणत व्यापारी दर पाडत होते. खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्के करण्याची सवलत केंद्र सरकारनं नोव्हेंबरात दिली, तोवर गरजवंतांचा माल निघून गेला होता. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ झाला. पण सोयाबीनला बाजाराशिवाय दुसरी वाट नसेल, तर भाव पडेल तेव्हाही तो निमूट घ्यावाच लागतो. ज्वारीचं तसं नव्हतं. ज्वारी विकली नाही तर आपण खात होतो.

मी घरात चार पोती ठेवली म्हणून बाजारभाव वाढेल, अशी माझी समजूत नाही. मला सलते ती दुसरीच गोष्ट. आमच्या शेतात सोयाबीन कापायला येणाऱ्या बायका दिवसभर वाकून कापणी करतात आणि संध्याकाळी घरी जाताना दुकानातून दहा रुपयांचं मीलमेकरचं पाकीट नेतात. २०२४ मध्ये तूरडाळ दीडशे रुपयांच्या पुढं गेली, तेव्हा किती घरांत वरण पातळ झालं ते मी पाहिलं आहे. तूरडाळीत शंभर ग्रॅमला सुमारे बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, सोयाबीनमध्ये छत्तीस ते चाळीस. एवढी ताकद ओसरीवर थप्पीत पडलेली आणि पोरांच्या वाटीत पाणी!

परत आल्यापासून मी आधी दोन पायल्या सोयाबीन बाजूला काढून ठेवते, मग बाकीचं विकायला जातं. कापणीच्या बायकांनाही मजुरीवर पायलीभर देते आणि करायचं कसं ते सांगते. भालकीला आईला फोनवर कृती सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे शेंगा चटणीपुडीच की ग! शेंगदाण्याऐवजी सोया अवरे.” चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईनं एका वाक्यात त्या पाहुण्याला घरात घेतलं.

वाचक मैत्रिणींसाठी आमच्या घरी रुळलेल्या तीन कृती देते.

सोया चटणीपुडी : वाटीभर सोयाबीन मंद आचेवर सावकाश भाजा. सालं तडकून आतला दाणा तांबूस आणि खुसखुशीत झाला पाहिजे, कच्चा राहू देऊ नका. गार करून सालं पाखडा. सात-आठ सुक्या मिरच्या, लसणाच्या दहा पाकळ्या, जिरे, थोडी चिंच, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून खलात किंवा मिक्सरमध्ये जाडसर कुटा. ज्वारीच्या भाकरीबरोबर, जोळद रोट्टीबरोबर वर तेल घालून खा.

भाकरीचं पीठ : नऊ किलो ज्वारीला एक किलो भाजलेलं सोयाबीन घालून गिरणीतून दळून आणा. याहून जास्त घातलं तर भाकरी थापताना चिरते. पीठ पंधरा दिवसांत संपेल एवढंच दळा, सोयाबीनच्या तेलामुळं ते लवकर खवट होतं.

घरचा टोफू : वाटीभर सोयाबीन रात्री भिजवा. सकाळी ते पाणी फेकून सालं चोळून काढा, सहा वाट्या ताज्या पाण्यात बारीक वाटा आणि फडक्यातून गाळा. दूध ढवळत पंधरा मिनिटं नीट उकळा. खाली उतरवून लिंबाचा रस थोडा थोडा घाला, फाटलं की फडक्यात बांधून वर वजन ठेवा. तासाभरात वडी पडते. उरलेला चोथा टाकू नका, थालीपिठात छान लागतो.

सोयाबीन कोणत्याही रूपात कच्चं खाऊ नये, ते पचत नाही. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत किती तासांचं अंतर ठेवायचं, ते आपल्या डॉक्टरांना विचारावं. बाकी सगळ्यांनी पहिल्यांदा थोडंसंच करून पाहावं. घरातल्या माणसांना आवडलं की दुसऱ्यांदा तेच मागतील.